सतरावा दगड

"पातळ पाहिजे, हलका पाहिजे, स्क्रीन उलटा फिरला पाहिजे आणि वर ताकदही पाहिजे? मॅडम, हे लॅपटॉपचं दुकान आहे, वधूवर सूचक मंडळ नाही."

सुहास बोलून गेला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. चार महिन्यांत माझ्याशी कुणी विनोद केला नव्हता. मी हसायचा प्रयत्न केला, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

त्याचं दुकान लोणावळ्यात, चिक्कीच्या दुकानांमागच्या गल्लीत. काउंटरवर तीन लॅपटॉप उघडे होते. मी पहिल्याचा स्क्रीन मागे फिरवत नेला, पार पाठीला टेकेपर्यंत. हातावर पाटीसारखा बसला. फाईलमध्ये घालून वर चार कागद ठेवले असते तर कुणाला कळलं नसतं.

"हा सुंदर आहे," मी म्हटलं.

"सुंदर आहेच. पण त्याचं भोक बघा."

मी बघितलं. चपटं, दोन्ही टोकांना गोल, बाकी दोघांसारखंच.

"शेजारी विजेची खूण नाही. म्हणजे थंडरबोल्ट नाही. ह्यातून चार्जिंग होईल, टीव्ही जोडता येईल, तुमचं ग्राफिक्स कार्ड मात्र चालणार नाही. लोक नुसतं भोक बघून घेतात आणि मग माझ्याशी भांडतात."

ते कार्ड सुहासच्याच कपाटात होतं. ऑक्टोबरमध्ये त्याचा पंखा खरखरायला लागला म्हणून मी ते घरच्या संगणकातून काढून त्याच्याकडे टाकलं होतं, आणि म्हणून ते वाचलं. बाकीचा संगणक आबांच्या दहाव्याच्या दिवशी गेला. आम्ही सगळे नदीवर होतो. परत आलो तर वडगावच्या घराचं कुलूप तुटलेलं. घरात घुसलेल्यांनी आधी स्क्रीन फोडला होता, मोजणीचे फोटो त्यात असतात अशा समजुतीने. मग कीबोर्ड, मग संगणकाचा डबा. सगळ्यांत जास्त घाव प्रिंटरवर होते, कारण तो सगळ्यांत मोठा होता. फोटो होते ड्रोनच्या नखाएवढ्या मेमरी कार्डवर, आणि ते नदीवर माझ्या पर्समध्ये होतं.

"दुसरा?" मी विचारलं.

"भोक बरोबर. पण रॅम आठच जीबी आणि ती बोर्डालाच चिकटवलेली. पुढे वाढवता येत नाही. अकराशे फोटो घातलेत की घाम फुटेल त्याला." त्याने तिसरा पुढे सरकवला. "हा घ्या. खूण आहे, रॅम बत्तीस आहे, पेन आहे. दीडशे ग्रॅम जड आणि बिजागरी जरा कडक. आणि एक आधीच सांगतो. कार्ड संगणकाच्या आत असतं तेव्हा एक्स्प्रेसवे. बाहेरच्या डब्यात घालून केबलने जोडलं की खंडाळ्याचा घाट. गाड्या त्याच, रस्ता अरुंद. आधी चार तास लागायचे तिथे पाच-साडेपाच धरा."

"चालेल. एकोणीस मार्चपर्यंत वेळ आहे."

एकोणीस मार्चला वडगावच्या कोर्टात तारीख होती.

आबा, म्हणजे माझे वडील निवृत्ती, चौतीस वर्षं सरकारी भूकरमापक होते. साधा हुद्दा. लोक त्यांना मोजणीवाले म्हणत. शेताच्या हद्दी मोजायच्या, कोपऱ्यावर दगड बसवायचे, नकाशा करायचा. मोजणीच्या दिवशी ते कुणाच्याही घरचा चहा घेत नसत. पाण्याची बाटली घरची, भाकरी घरची, बसायला गोणपाटसुद्धा घरचं. एकाच्या ओट्यावर बसलं तर दुसरा म्हणतो, मोजणी तिकडे झुकली. चौऱ्याण्णव साली दोन भावांच्या वाटणीत त्यांच्या हातावर विळा बसला होता. विळा कुणी मारला हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. "दोन्हीकडचे चिडले म्हणजे मोजणी बरोबर," एवढंच म्हणत आणि पाय धुवायला जात. मी ड्रोनने मोजणी करणाऱ्या कंपनीत लागले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "ते वरून चहा मागत न्हाई ना?"

निवृत्त झाल्यावर ते खासगी मोजण्या करत. गेल्या नोव्हेंबरात बेडश्याच्या झुंबरबाई आल्या. नवरा नाही, मूल नाही, रस्त्याला लागून भाताचं एक खाचर. शेजारची जमीन बंगल्यांच्या प्लॉटसाठी गेली होती आणि प्लॉटवाल्यांची माणसं म्हणत होती की मधला बांध कधी नव्हताच, खाचराची रस्त्याकडची पट्टी आमची. त्या बांधावर आबांनीच एक्क्याण्णव साली सतरा दगड बसवले होते. सोळा बांधावर, सतरावा रस्त्याच्या कोपऱ्यात. सतरावा सापडला तर पट्टी झुंबरबाईंची.

बावीस नोव्हेंबरला आम्ही गेलो. भात काढून झालं होतं. सोळा दगड आबांनी खुरप्याने साफ करून त्यांवर चुन्याची फुली मारली, वरून दिसावी म्हणून. मग म्हणाले, "तू उडव. सतरावा मी बघतो." मी खाचराच्या वरच्या अंगाला, उंबरापलीकडे जाऊन ड्रोन उडवला. बावीस मिनिटं. उतरवला, पंख मिटून पेटीत ठेवत होते तेव्हा झुंबरबाईंची किंकाळी ऐकू आली.

पाच माणसं होती. दगड उपटायला आणलेली पहार त्यांच्यापैकी एकाच्या हातात होती. त्यांच्यातला प्रदीप माझ्या ओळखीचा; त्याने आबांचे दोन्ही हात मागे धरले होते. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तिसरा डोक्यावर. चौथा, ते खाली पडल्यावर, पाठीत. मी पळत असताना मोजले. आमच्या घरात मोजायची सवय लागते. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी माझी वेणी धरून मला पाडलं आणि तोंड जमिनीत दाबलं. भाताची धसकटं गालात शिरली. त्या अवस्थेत मला फक्त पाय दिसत होते. एकाच्या पायात नवे पांढरे बूट होते आणि तो ते चिखल नसलेल्या जागी ठेवायला जपत होता. झुंबरबाईंनी विळा चालवला. एकाचा दंड चिरला, तेव्हा ते हलले.

टेम्पोत आबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कामशेत ओलांडल्यावर ते जड झालं.

संध्याकाळपर्यंत जेसीबीने बांध सपाट केला. सतराच्या सतरा दगड गेले.

दोघं अजून येरवड्यात आहेत, दोघं फरार. प्रदीपने "नुसते हात धरले", म्हणून त्याला तिसऱ्या महिन्यात जामीन मिळाला. पट्टीच्या दिवाणी दाव्यात त्यांचा वकील म्हणाला, बांध नव्हता, दगड नव्हते, मोजणीवाला आमच्या जमिनीत घुसून भांडण उकरत होता. पुरावा माझ्याकडे होता, अकराशे चाळीस फोटो. ते जोडून जमिनीचा चढउतारासकट नकाशा झाला असता, बांध इंचात मोजता आला असता. पण फोटो नुसते दाखवून चालत नव्हतं. कोर्टाला नकाशा हवा होता, आणि तो न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवून, फिरवून, पेनने खुणा करून दाखवायला हवा होता. नाहीतर आबा नसलेल्या बांधासाठी मेले असं कायमचं कागदावर आलं असतं.

"पॅक करू?" सुहासने विचारलं.

"बिजागरी बघू द्या."

मी लॅपटॉप तंबूसारखा उभा केला आणि मधल्या फटीत उजवा हात घालून ताण बघत होते. मागून आवाज आला.

"काय ताई, खरेदी का? लय भारी घेतलाय की. दाव जरा आमाला बी."

प्रदीप माझ्या शाळेत दोन वर्षं मागे होता. जामिनाच्या अटीप्रमाणे त्याला आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत यायला बंदी होती. लोणावळा त्या हद्दीत येत नाही. कपाळाला गंध, इस्त्रीचा शर्ट. तो माझ्याशेजारी काउंटरला रेलून उभा राहिला, वर्गात बाकावर रेलावं तसा.

"कोर्टात ह्यो दावनार व्हय? आन् ह्यात काय, आबा दिसत्यात का?"

"बाहेर हो," सुहास म्हणाला.

"तू गप रं, चार्जर इकणाऱ्या." तो माझ्याकडेच बघत होता. "सारिका, मी काय म्हन्तो, एकोनीस तारखेला तू आजारी पड. ताप येऊ दे. जुलाब हून दे. कायबी. माजं नाव नुसतं हात धरल्यालं हाय, ऱ्हाऊ दे ना तसंच. आबाला बी म्या तेच सांगितलं व्हतं. म्हनलं, आबा, नुसतं बाजूला व्हा. आईकलं न्हाई. हट्टी म्हातारं."

"त्यांचे हात तू कसे धरले होतेस?" मी विचारलं. मला खरंच माहिती हवी होती. "मनगटाला, की कोपराला?"

त्याने दोन्ही तळवे तंबूच्या दोन बाजूंवर ठेवले आणि सगळा भार टाकून ते मिटवले.

माझी बोटं आत होती. आधी आवाज आला, वाळकी फाटी मोडावी तसा, मग वेदना. ती खांद्यापर्यंत चढली आणि कानात शिरली. तो दाबतच राहिला. "असं," तो म्हणाला, "असं धरलं व्हतं." काउंटरवर माझ्या डाव्या हाताजवळ सुहासचा लांब स्क्रू ड्रायव्हर होता. मी तो उचलला. प्रदीपची मान वीतभर अंतरावर होती. कानाखाली एक शीर उडत होती. ती शीर मला आजही कागदावर काढता येईल. तिथे घालता आला असता. आणि मग एकोणीस तारखेला मी आत असते आणि नकाशा कुणीच केला नसता. हात तिथेच थांबला. थांबवायला जितकी ताकद लागली तितकी बोटं सोडवायलाही लागली नसती.

सुहासने काउंटरखालून यूपीएसची बॅटरी दोन्ही हातांनी उचलली आणि प्रदीपच्या पावलावर सोडली.

प्रदीप ओरडला तो गुरासारखा. त्याने सुहासला कोपर मारलं, सुहास शोकेसवर आदळला, काच फुटली, माऊस आणि हेडफोन रक्तासकट फरशीवर आले. चिक्कीच्या दुकानातली माणसं धावली. प्रदीप एका पायावर लंगडत गल्लीतून निघाला, शिव्या देत. मध्येच थांबून वळला आणि ओरडला, "ताप येऊ दे, सांगून ठिवतोय!"

सुहासच्या भुवईतून रक्त वाहत होतं. तो माझ्या हाताकडे बघून "अरे देवा, अरे देवा" करत राहिला. मी डाव्या हाताने लॅपटॉप उघडला. स्क्रीन पेटला. काचेवर माझं रक्त होतं, ते ओढणीने पुसलं. खाली एकही रेघ नव्हती. झाकणाला एक पोचा पडला होता. पेन टेकवून ओढलं, रेषा उमटली. उलटा फिरवला, फिरला.

"हाच द्या," मी म्हटलं.

"मॅडम, आधी दवाखाना..."

"आधी बिल. नाहीतर पोलीस मुद्देमाल म्हणून ठेवून घेतील."

तक्रार झाली, एक्स-रे झाला. दोन बोटं मोडली होती, एकाचं नख गेलं होतं. भुवईला चार टाके घातलेल्या सुहासने तिसऱ्या दिवशी स्वतः कार्ड, डबा आणि केबल वडगावला आणून दिली. घरी ठेवायची माझी हिंमत नव्हती. आमच्या वकील यशोधराताईंचं ऑफिस कोर्टासमोर, पिठाच्या गिरणीच्या वर आहे. तिथल्या टेबलावर आम्ही मांडलं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून सुहासने डब्याखाली वर्तमानपत्राची घडी घातली.

"एवढ्याशा वहीला एवढा मोठा डबा?" यशोधराताई म्हणाल्या.

"वही हात आहे ताई, डबा पाठ आहे. जोर पाठीतून येतो," सुहास म्हणाला आणि गेला.

त्या दिवसाचा एकही फोटो मी तोवर उघडून पाहिला नव्हता. पोलिसांनी त्यांची प्रत लिफाफ्यात घालून मोहोर केली होती; त्यांनीही पाहिले नसावेत. सकाळी दहाला सगळे एकदम आत घातले आणि यंत्राला सांगितलं, जोड. पंखा फिरू लागला. झुंबरबाई सकाळच्याच एसटीने येऊन बसल्या होत्या. जेवायला त्यांनी भाकरी आणि ठेचा आणला होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मोजणी चालू होती.

"खा गं," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

"झाल्यावर खाते, मावशी."

मग त्यांनीही फडकं बांधून ठेवलं.

सव्वातीनला जमीन उगवायला लागली. आधी ठिपके, मग ठिपक्यांची दाटी, मग रंग. उंबर आला. धसकटांच्या ओळी आल्या. बांध आला, डोंगराच्या सोंडेसारखा, दोन्ही बाजूंना उतरता. मी स्क्रीन उलटा फिरवून मावशींच्या मांडीवर ठेवला.

"आगं बया, माजं खाचर," त्या म्हणाल्या. त्यांनी बोट लावलं आणि जमीन फिरली तशा दचकून मागे झाल्या. "ह्या फुल्या. निवृत्तीभाऊच्या फुल्या. येक, दोन..." सोळा मोजल्या. मग कोपऱ्यात बोट थांबलं. "आन् ह्यो कोन उबा हाय?"

हलणारी माणसं अशा नकाशात येत नाहीत. यंत्र शेकडो फोटोंतून एकच जागा बघतं. जे सगळ्यांत सारखं असतं तेवढंच ठेवतं. गुरं, गाड्या, मी, मावशी, कुणीही नव्हतं. पण रस्त्याच्या कोपऱ्यात एक पाच फूट चार इंचांचा माणूस उभा होता. चेहरा नव्हता, वितळलेल्या मेणासारखी आकृती, पांढरी टोपी, आणि हातात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मोजणीचा रॉड.

मी मूळ फोटो उघडले. पहिल्याच फेरीपासून रस्त्याला दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. दारं उघडी, माणसं खाली उतरून टेकून उभी. आबांच्या आणि त्यांच्यामध्ये पंचवीस पावलं. आबांच्या पायाशी चुन्याची पिशवी तशीच पडलेली. ते चुना मारायला वाकले नाहीत. वाकले असते, बाजूला झाले असते, मला हाक मारायला उंबरापर्यंत आले असते, तर दगड उपटला गेला असता. रॉडचं टोक दगडावर टेकवून, दोन्ही पाय त्याच्यावर रोवून ते बावीस मिनिटं उन्हात उभे राहिले. शेवटच्या फोटोपर्यंत. मी त्या वेळी ड्रोनची बॅटरी किती उरली ते बघत होते. माझ्या हातातल्या छोट्या स्क्रीनवर त्या गाड्या दोन ठिपक्यांएवढ्या दिसल्या असणार.

"सारिका," यशोधराताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोर्टातला नव्हता. "दगड दिसत नाही त्यात. ते त्याच्यावर उभे आहेत."

"रॉड दिसतो. रॉडचं टोक दगडाच्या मध्यावरच टेकवतात. वरचं टोक साठ फोटोंत आलंय. त्यावरून बिंदू काढता येतो, इंचभर इकडेतिकडे."

"मग तो काढ. पण नकाशा जमिनीचा आहे. जमिनीवर पाच फुटांचा उंचवटा राहिला तर ते म्हणतील, ढिगारा होता, उंच्या सगळ्याच चुकल्या. माणूस काढावा लागेल."

"हो."

"मी करायला सांगू का दुसऱ्या कुणाला?"

"नको."

पेन डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताचं प्लास्टर टेबलावर ठेवलं. त्यांच्याभोवती रेघ ओढायला लागले तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"पुसू नगंस. कशापायी पुसतीस? ऱ्हाऊ दे की उबा. आमची बी राखन व्हईल."

"कोर्टाला जमीन दाखवायची आहे, मावशी."

"आन् पुसल्यावर त्ये कुटं जात्याल?"

खाली गिरणी चालू झाली. पेन थरथरलं. ताईंनी मावशींचा हात हलकेच सोडवला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला. मी रेघ पूर्ण केली. डोकं, खांदे, हात, गुडघे. पहारीचे घाव जिथे बसले त्या सगळ्या जागा त्या रेघेच्या आत आल्या. अजून त्या अख्ख्या होत्या. रॉडचं वरचं टोक मी आधीच वेगळं नोंदवलं होतं. पेनच्या बुडाची कळ दाबली आणि आबा गेले.

त्यांच्या जागी भोक उरलं. उभ्या माणसाखालची जमीन कुठल्याच फोटोत आलेली नव्हती. अशा वेळी यंत्र विचारतं, रिकामी जागा भरू का? आजूबाजूच्या मातीवरून अंदाज घेऊन ते भरतं, मग कळतही नाही. रोज शेकडो भोकं मी अशी भरते.

मी "नाही" दाबलं.

अहवालात सतराव्या बिंदूपुढे डाव्या हाताने लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं आलं, पण वाचता येत होतं. "दगड फोटोत दिसत नाही. उड्डाणाची बावीस मिनिटं त्यावर मोजणीदार रॉड धरून उभे होते. बिंदू रॉडच्या टोकावरून घेतला आहे. त्यांच्या पायाखालची सव्वा फूट जागा मोजलेली नाही."